चतुराबाईची मुकी बैठक

सोमवारी दुपारची भांडी घासून झाली की चतुराबाई घरातली मोठी सतरंजी काढायची आणि अंगणातल्या लिंबाखाली पुरती उलगडायची. चौदा-पंधरा बायका ऐसपैस बसतील एवढी ती सतरंजी, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. एकटीला बसायला खताचं रिकामं पोतं पुरलं असतं, पण चतुराबाई कसली ऐकते! ती सतरंजीच अंथरायची, चारी कोपरे ओढून नीट करायची आणि एका कडेला मांडी घालून बसायची. बाकीची जागा मोकळी ठेवायची. रस्त्यानं जाणारे-येणारे बघायचे आणि मान वळवायचे. गावाला बघायचं असतं तेव्हा ते भिंतीपलीकडचंही बघतं, आणि बघायचं नसलं की लिंबाखाली बसलेली अख्खी बाई त्याला दिसत नाही.

असं जवळजवळ वर्षभर चाललं होतं.

ही बैठक गावात आणली निताताईंनी. चतुराबाईचा नवरा तेव्हा जिवंत होता आणि पोरगा विश्वंभर शाळेत जात होता. निताताई वसमतहून एसटीनं आल्या, खांद्याला झोळी, पायात पुरुषी चपला. त्या क्वेकर नावाच्या लोकांत राहून शिकून आल्या होत्या. हे लोक कोण, असं बायकांनी विचारलं तेव्हा ताईंनी सांगितलं, की विलायतेत फार जुन्या काळी निघालेला हा एक पंथ आहे. हे लोक लढाईला जात नाहीत, माणसामाणसांत वरखाली मानत नाहीत, कुणाच्या मोठेपणापुढं वाकत नाहीत. आणि त्यांची प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्यानं सांगायचं, नाहीतर सगळ्यांनी तसंच उठून घरी जायचं.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "बाया आन गप?" बौद्धवाड्यातली लक्ष्मीबाई म्हणाली होती, "ताई, तुमी आपल्या विलायतेलाच जा."

पण ताई गेल्या नाहीत. त्या वेळी हळद काढायला पुरुषाला जेवढी मजुरी मिळायची, त्याच्या निम्मीच बाईला मिळायची, आणि दिवसभर वाकून कंबर मोडायची ती बाईचीच. ताईंनी गावातल्या आणि बौद्धवाड्यातल्या बायका एका सतरंजीवर बसवल्या. आधी गप्प बसा, मग बोला, आणि एकजण बोलली की दुसरीनं थोडं थांबून बोला, एवढंच शिकवलं. थांबायची सवय लागली आणि भांडणं आपोआप कमी झाली, कारण रागाचं बोलणं हे लगेच बोललं तरच जमतं. बायकांनी मिळून बरोबरीची मजुरी मागितली, दोन हंगाम अडून बसल्या आणि मिळवली. पुढं त्यांनी मंडळ काढलं आणि हळद शिजवायचा स्वतःचा कुकर घेतला. मोठ्या लोखंडी टाक्यांचा, ट्रॅक्टरमागं ओढून नेता येईल असा. तो चतुराबाईच्या अंगणात उभा राहिला. गावानं नाक मुरडून या सगळ्या प्रकाराला मुकी बैठक असं नाव ठेवलं आणि बायकांनी ते आनंदानं घेतलं.

बैठक सोमवारी, कारण गावात सोमवारी औत जुंपत नाहीत. तिथं हात वर करून मतं मोजायची नाहीत. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबायचं. एखादीला पटलंच नाही तर तिनं एवढंच म्हणायचं, "माझं मन जात न्हाई." मग ते काम थांबलं. तिला काहून म्हणून विचारायचं नाही, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. आणि दोघी बसल्या तरी बैठक होते, एकटी बसली तर ते नुसतं बसणं. ही सगळी ताईंची शिकवण. बैठक कुणी तरी सांभाळावी लागते, ते काम चतुराबाईकडं आलं. सांभाळणारीनं आपलं मन मधे आणायचं नाही. सगळ्यांचं ऐकायचं आणि शेवटी बैठकीचं मन काय झालं ते सांगायचं.

लक्ष्मीबाई आणि चतुराबाईचं सूत जमलं ते पाण्याच्या माठावरून. पहिल्या बैठकीला लक्ष्मीबाई चतुराबाईच्या माठातलं पाणी प्याली, आणि संध्याकाळी चतुराबाईच्या सासूनं तो माठ उकिरड्यावर नेऊन फोडला. चतुराबाई सासूला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा माठ आणला, भरला, आणि लक्ष्मीबाईला हाक मारून पहिला तांब्या तिला दिला. सासूनं किती माठ फोडायचे? तिसऱ्या माठाला म्हातारी दमली. त्यानंतर दर हंगामाला कुकरची भट्टी लक्ष्मीबाईनं पेटवायची आणि हळद भरायला चतुराबाईनं उभं राहायचं, हे ठरूनच गेलं. लक्ष्मीबाईच्या तोंडाला दिवसभर उसंत नसायची. सोमवारची तेवढी ती गप्प बसायची आणि उठताना म्हणायची, "जीव गेला माय माझा!"

गेल्या साली दिवाळी झाली आणि वेशीजवळ नावाची पाटी कुणाची लावायची यावरून गावातली पोरं आणि बौद्धवाड्यातली पोरं भिडली. दगड चालले. पोलिसांची गाडी आली, गेली. पाटी कुणाचीच लागली नाही. पण मारुतीच्या पारावर चार माणसं बसली आणि ठरलं, की यंदा हळदीला बौद्धवाड्यातलं कुणी बोलवायचं नाही. लिहून कुणी ठेवलं नाही, तोंडानं मोठ्यानं कुणी म्हटलं नाही. गावात असल्या गोष्टींना लेखी लागत नाही.

गावात सगळ्यात जास्त हळद अमृतरावांची. मंडळाच्या कुकरचा अर्धा हंगाम त्यांच्याच शेतावर चालायचा. अमृतराव काही वाईट माणूस नव्हे. गोड बोलणारा, अडीनडीला गाडी देणारा. त्यांनी निरोप धाडला, की कुकर आणा, बायका आणा, फक्त तिकडच्या आणू नका, मलाही गावात राहायचं आहे.

बैठक बसली. बौद्धवाड्यातल्या बायकाही आल्या होत्या, लक्ष्मीबाई पुढंच होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग संगिता बोलली. मंडळातली ती सगळ्यात हुशार आणि खटपटी बाई. म्हणाली, "यंदापुरतं. लक्ष्मीमावशी, तुमी घरीच राहा, तुमचा वाटा आमी घरपोच आणून देऊ. हंगाम गेला तर सगळ्यांचंच नुकसान हाय."

पुन्हा सगळ्या गप्प. मग एकेकीनं मान हलवली. बौद्धवाड्यातल्या बायकांनीही हलवली. लक्ष्मीबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "चालंल."

आता चतुराबाईनं फक्त सांगायचं होतं, की सगळ्यांचं मन एक झालं. इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "माझं मन जात न्हाई."

कुणाला काही समजेना. बैठक सांभाळणारीनं असं म्हणायचं नसतं, हे काय भलतंच? पण शब्द निघून गेला होता, आणि रिवाज तो रिवाज. काहून म्हणून विचारता येईना. काम थांबलं.

अमृतरावांनी नांदेडकडून भाड्याचा कुकर आणला, माणसंही तिकडचीच. मंडळाचा कुकर अंगणात थंड उभा राहिला. वारं अमृतरावांच्या शेताकडून सुटलं की शिजणाऱ्या हळदीचा वास चतुराबाईच्या घरात यायचा आणि तिला भाकरी गोड लागायची नाही. गावातल्या बायकांची हाता-तोंडाशी आलेली कमाई गेली. त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं चुकीचं होतं असं कोण म्हणेल? संक्रांत आली. मंडळातल्या बायका नवऱ्यामागं राहिलेल्या चतुराबाईला दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायच्या, कपाळाला लावायच्या, वाण द्यायच्या. गावाच्या नाकावर टिच्चून. त्या वर्षी मात्र सगळ्यांना एकदम आठवलं, की चतुराबाई विधवा आहे.

हेही तिनं सोसलं असतं. लक्ष्मी आहे, असं ती मनाला सांगत होती. जिच्यासाठी आपण हे केलं ती तर आहे. त्या दिवशी पाण्याला जाताना बोअरजवळ लक्ष्मीबाई भेटली. चतुराबाई हसली. लक्ष्मीबाईनं घागर खाली ठेवली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं आमच्यासाठी उभं राहायला?"

"लक्ष्मे, अगं तुला घरी बसवून..."

"मी चालंल म्हनले व्हते. माझ्या तोंडानं म्हनले व्हते. माझ्या घरात सून बाळंतीन हाय, माझा वाटा घरी येत व्हता. तू तोबी घालवलास. तुला मोठं व्हायचं व्हतं, चतुरा. माझ्या नावावर मोठी झालीस. मला विचारलंस का एक बार?"

लक्ष्मीबाईनं घागर उचलली आणि गेली. ती भांडून गेली असती, शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं. लक्ष्मीबाई भांडली की दुसऱ्या दिवशी येते, हे चतुराबाईला पाठ होतं. या वेळी ती हळू आवाजात बोलली होती. चतुराबाई घरी येऊन चुलीपुढं बसली आणि खूप रडली.

नंतर तिनं निताताईंना फोन लावला. ताई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, लांब भावाकडं राहत होत्या, कानाला कमी ऐकू यायचं. चतुराबाईनं सगळं ओरडून ओरडून सांगितलं. पलीकडं इतका वेळ कुणी बोलेना, की तिला वाटलं फोन बंद पडला.

"तुला वाटतं तू चुकलीस?" ताईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग बरोबर होतीस?"

यावर चतुराबाईपाशी उत्तर नव्हतं. ताई म्हणाल्या, "माझ्यापाशीही नाही गं." आणि ठेवला फोन. आता असल्या गुरूला माणसानं काय म्हणावं? तरी त्या रात्री चतुराबाईला जरा झोप लागली.

विश्वंभर हिंगोलीला मोंढ्यात एका अडत दुकानात कामाला आहे. तो येऊन आईला घेऊन गेला. सून कोमल चांगली पोरगी, सासूला कामाला हात लावू द्यायची नाही. टीव्ही दिवसभर चालू. सोमवारी दुपारी चतुराबाईनं चादर अंथरली आणि भिंतीशी बसली. विश्वंभर जेवायला आला होता.

"माय, काय करून राहिलीस?"

"बसले."

"कुनासंगं?"

तो काही टोचून बोलला नव्हता, साधंच विचारलं होतं त्यानं. पण चतुराबाईनं त्याच आठवड्यात पिशवी भरली. कोमल म्हणाली, "आत्या, तिकडं तुमच्याशी कुनी बोलत बी न्हाई, कशाला जाता?" चतुराबाई म्हणाली, "न बोलनारी का असंनात, मानसं माझी हायेत ती." इथल्या बोलणाऱ्या माणसांत तिला जास्त एकटं वाटत होतं, हे तिनं सुनेला सांगितलं नाही.

परत आली आणि सतरंजी काढली. उन्हाळा गेला. पेरण्या आल्या, माणसं कमी पडली, आणि अमृतरावांच्या शेतात बौद्धवाड्यातल्या बायका पुन्हा दिसायला लागल्या, जसं काही झालंच नव्हतं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. पारावर बसलेल्या त्या चार माणसांना विचारलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, आम्ही कधी काय ठरवलं? सगळा गाव एकमेकांशी बोलायला लागला. राहिली ती एकटी चतुराबाई. जिच्यामुळं सगळ्यांना ते आठवायचं, तिच्याशी बोलणं अवघड होतं.

ती गप्प बसायची. पूर्वी बैठकीतली शांतता कशी भरलेली असायची. कुणाचं खोकणं, कुणाच्या बांगड्या, लक्ष्मीबाईचे सुस्कारे. आता होती ती नुसती रिकामी दुपार. लिंबाचा पाला सतरंजीवर पडायचा आणि ती तो वेचत बसायची. मनात एकच घोळायचं, की पुन्हा एकदा या सगळ्याजणी इथं बसाव्यात. त्यासाठी काय द्यावं लागेल ते द्यायला ती तयार झाली होती. कुणी येऊन म्हणालं असतं, चतुराबाई, मी चुकले म्हण, तर ती तेही म्हणाली असती. पण तेवढं म्हणायलाही कुणी येत नव्हतं.

यंदाची हळद काढणीला आली आणि एका सोमवारी चतुराबाई सतरंजीचे कोपरे ओढत असताना फाटक वाजलं. संगिता होती. तिच्यामागं दुसरी, तिसरी. गावातल्या सगळ्या आल्या, मग बौद्धवाड्यातल्या आल्या. सगळ्यात शेवटी लक्ष्मीबाई. ती चतुराबाईकडं न बघता सतरंजीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

चतुराबाईची धांदल उडाली. माठ भरलेला होता तरी ती पुन्हा भरायला धावली. तांब्या घासला. चहाचं आधण ठेवू का, असं तिनं विचारलं, आणि तिचा आवाज चमत्कारिक निघाला. "नको काकू, बसा तुमी," संगिता म्हणाली. चतुराबाई बसली. सतरंजी भरली होती. तिनं एक एक तोंड बघून घेतलं. तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबल्याचं तिला ऐकू आलं. इंजिन चालूच होतं. ट्रॅक्टर अमृतरावांचा होता.

संगितानंच सुरुवात केली. नवा गट काढला आहे. हात वर करून ठरवायचं, ज्या बाजूला हात जास्त ते पक्कं. उगी एकीपायी सगळ्यांचं अडायला नको. अमृतरावांनी शेड द्यायचं कबूल केलं आहे, पाणी आहे, लाईट आहे. कुकर तिथं न्यायचा. तिकडच्या बायकांनीही यायचं, कुणाला मनाई नाही. फक्त कुकर जुन्या मंडळाचा आहे, आणि जुन्या मंडळाच्या रिवाजानं सगळ्यांचं मन एक झाल्याशिवाय तो हलवता येत नाही.

"म्हनून ही एवढी एक बैठक," संगिता म्हणाली. "आज मी सांभाळते, काकू. तुमी तुमचं मन सांगा."

म्हणजे त्या बसायला आल्या नव्हत्या. तिचा एक होकार न्यायला आल्या होत्या. चतुराबाईला हे कळलं आणि तरीही तिला त्यांचा राग आला नाही, इतकी ती एकटी पडली होती.

तिला सगळं दिसत होतं. कुकर अमृतरावांच्या शेडात गेला, की तिथं कुणी यायचं आणि कुणी नाही हे अमृतराव ठरवणार. यंदा मनाई नाही. पुढं कधी पुन्हा पोरं भिडली, की पुन्हा निरोप येणार, गोड शब्दांत. आणि तेव्हा हात वर होतील, मोजले जातील, आणि संपेल. एक वाक्य बोललं की हे थांबत होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण ते बोललं की या सगळ्याजणी उठणार, फाटकातून जाणार, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तोच लिंबाचा पाला. आणि लक्ष्मी पुन्हा म्हणणार, तुला कुणी सांगितलं होतं?

बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता.

"न्या," चतुराबाई म्हणाली. "माझी काही हरकत न्हाई."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी तरी चतुराबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला, वर्षानंतर कुणाचा तरी हात, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं की बरं वाटल्याचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मंग झालं," संगिता म्हणाली. "सगळ्यांचं मन एक..."

"माझं मन जात न्हाई."

सतरंजीच्या त्या टोकाकडून आलं होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. लक्ष्मीबाई ताठ बसली होती, हात मांडीवर.

"मावशी, अवं तुमाला मनाई कुठंय..." संगिता बोलायला लागली आणि थांबली. काहून म्हणून विचारता येत नव्हतं. तिनं तसंच तोंड मिटलं. थोडा वेळ सगळ्या बसून राहिल्या, कुणी सांगेल म्हणून. लक्ष्मीबाईनं काही सांगितलं नाही.

मग एक उठली, दोघी उठल्या. कुणी पदर झटकला, कुणी पुटपुटलं. बौद्धवाड्यातल्या दोन बायका लक्ष्मीबाईकडं रागानं बघून गेल्या. फाटक वाजत राहिलं. ट्रॅक्टरवाल्याशी संगिता काही बोलली, आणि तो तसाच रिकामा, खडखडत निघून गेला. कुकर जिथल्या तिथं उभा होता.

सतरंजीच्या दोन टोकांना दोघी राहिल्या. मधली सगळी जागा मोकळी. आभार मानावेत तर कशाचे, माफी मागावी तर कशी?

"तुझ्यासाठी न्हाई म्हनले मी," लक्ष्मीबाईच म्हणाली. "माझं मन न्हाई गेलं म्हनून म्हनले."

"म्हाईत हाय."

"मागच्या सालीबी जात नव्हतं. पर तवा माझं मला म्हनू द्यायला पायजे व्हतं तू. जरा थांबली असतीस."

चतुराबाईनं मान खाली घातली. थांबायचं तर ती इतकी वर्षं सगळ्यांना शिकवत आली होती. "व्हय," ती म्हणाली. "थांबायला पायजे व्हतं." मग लगेच म्हणाली, "लक्ष्मे, मी आज न्या म्हनले. माझंबी मन जात नव्हतं, पर मला एकटीला आता..."

लक्ष्मीबाई उठली. चालत आली, माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्याली, तांब्या पालथा घातला, आणि चतुराबाईच्या शेजारी येऊन गुडघे धरत खाली बसली.

"चतुरा," ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, "गप बस आता. बैठक चालू हाय."